हिंगणघाटच्या कापसाचं नाव आणि डिजिटल मार्केटिंगची पदवी

बारावीचा निकाल लागला की हिंगणघाटातल्या घराघरांत पुढच्या शिक्षणाची बोलणी सुरू होतात. मुलगा किंवा मुलगी वाणिज्य शाखेची असेल, तर हल्ली त्यात डिजिटल मार्केटिंगचं नाव निघतंच. "बीकॉम करून काय होते, बाबा? सगळेच करते. मी नागपूरले डिजिटल मार्केटिंगची डिग्री करतो," असं पोरगं म्हणतं. वडिलांना हे नाव ऐकून माहीत असतं, त्यातलं काम माहीत नसतं. फी मात्र नीट कळते. तीन वर्षांचं खोलीभाडं, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च सोयाबीनच्या एका हंगामातून निघणार नाही, हेही कळतं. तरी प्रवेशाची तारीख जवळ आलेली असते आणि आठ-पंधरा दिवसांत काहीतरी ठरवावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विद्यापीठांनी डिजिटल मार्केटिंग शिकवायला हवं, आणि ते नागपूर-पुण्याइतकंच हिंगणघाटातल्या महाविद्यालयातही शिकवायला हवं. पण सतराव्या वर्षी पूर्ण तीन वर्षांची पदवी फक्त त्याच विषयात घेणं, हा या गावातल्या बहुतेक मुलांसाठी चुकीचा सौदा आहे असं मला वाटतं. पदवी वाणिज्याची, संख्याशास्त्राची, मराठीची किंवा वस्त्रोद्योगाची असावी. डिजिटल मार्केटिंग तिच्या जोडीला शिकावं, आणि ते गावातल्या खऱ्या मालावर, खऱ्या पैशाने शिकावं. हे मत पटवून द्यायला मला हिंगणघाटच्याच इतिहासात जावं लागेल, कारण बाजारात नाव कसं होतं आणि कसं जातं, हे या गावाइतकं जवळून भारतातल्या फार थोड्या गावांनी पाहिलं आहे.

1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर भारताकडे वळली. त्या काळात लिव्हरपूलच्या बाजारात भारतीय कापसाचे भाव गावांच्या आणि प्रदेशांच्या नावाने निघत. भडोचचा वेगळा, धोलेराचा वेगळा, अमरावतीवरून पडलेल्या 'ऊमरा' नावाचा वेगळा, आणि त्या यादीत 'हिंगणघाट' हेही एक नाव होतं. वणा नदीच्या काठावरचं हे गाव समुद्रापासून शेकडो कोस दूर. पण वर्धा खोऱ्यातल्या 'बनी' जातीच्या कापसाचा धागा देशी कापसात उत्तम गणला जाई, म्हणून गावाचं नाव समुद्रापार गेलं. कोणी जाहिरात केली नव्हती. गाठ उघडून, रुई चिमटीत धरून ओढून पाहणाऱ्या खरेदीदाराला धाग्यात जे सापडलं, तेच त्याने नाव म्हणून लक्षात ठेवलं.

ते नाव टिकलं नाही. का टिकलं नाही, हे मार्केटिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने समजून घ्यावं. बनीचं उत्पन्न कमी येई. आखूड आणि जाड धाग्याची दुसरी जात त्याच जमिनीत जास्त पिके. चांगल्या धाग्याला बाजारात जो थोडा जास्त भाव मिळे, तो कमी उत्पन्नाची भरपाई करायला पुरत नसे, आणि मधल्या हातांतून शेतकऱ्यापर्यंत तो पूर्ण पोचतही नसे. मग शेतकरी साहजिकच जास्त पिकणाऱ्या जातीकडे वळला. व्यापारात दोन्ही कापूस एकत्र होऊ लागले. जिनमध्ये रुई निघाली की सरकी मागे राहते आणि तीच पुढच्या वर्षी पेरली जाते. कापूस मिसळला की सरकीही मिसळते आणि बियाण्याची शुद्धता शेतातच संपते. मुंबई सरकारने कापसातल्या भेसळीविरुद्ध 1863 मध्ये कायदा केला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी नेमलेले कॉटन कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांना इथल्या चांगल्या कापसाची आणि त्याच्या बियाण्याची काळजी होती. तरी विसावं शतक उजाडेपर्यंत बनीची जागा आखूड धाग्याच्या कापसाने घेतली होती. बाजार चालू राहिला, गिरण्या आल्या, गाठी जात राहिल्या. लिव्हरपूलला ज्या धाग्यामुळे हे नाव माहीत झालं होतं तो धागा मात्र गेला.

यातली गोष्ट अशी की नाव बुडालं तेव्हा प्रसिद्धी कमी पडली नव्हती. नाव आणि माल यांचा संबंध जिनमध्ये, आडतीत आणि शेताच्या बांधावर तुटला. तो का तुटतो आहे हे कळायला शेतीचं अर्थशास्त्र कळावं लागलं असतं: एकरी उत्पन्न, भावातला फरक, तो फरक कोणाच्या खिशात जातो. आजच्या डिजिटल मार्केटिंगच्या वर्गात ब्रँड हा शब्द दिवसातून कितीदा येत असेल. पण ब्रँड कुठे जन्मतो आणि कुठे मरतो, हे शिकायला हिंगणघाटच्या मुलाला परदेशी कंपन्यांच्या गोष्टी वाचायची गरज नाही.

आता आजच्या कामाकडे येऊ. डिजिटल मार्केटिंगमध्ये नेमकं काय करतात? सर्वांत मोठा भाग सर्च इंजिनचा. कोणी "चांगली हळद कुठे मिळेल" असं शोधलं की त्या क्षणी एक छोटा लिलाव होतो. ज्यांना तिथे दिसायचं आहे त्यांनी लावलेली बोली आणि त्यांच्या जाहिरातीचा दर्जा, दोन्ही मिळून कोण वर दिसेल ते ठरतं. पैसे साधारणपणे कोणी क्लिक केलं तरच जातात. दुसरा भाग पैसे न देता शोधात वर येण्याचा. तिसरा इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबचा. चौथा व्हॉट्सॲप आणि ईमेलवरून जुन्या ग्राहकाला परत बोलावण्याचा. आणि या सगळ्याखाली मोजमापाचा भाग: कोण आलं, कुठून आलं, काय पाहिलं, विकत घेतलं की नाही. लिलावाचं तत्त्व हिंगणघाटच्या मुलाला सांगावं लागत नाही. बाजार समितीत सकाळी ढिगाभोवती उभे राहून होणारे लिलाव त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात.

अडचण अशी की या कामाची साधनं फार लवकर बदलतात आणि ती बदलणारे आपल्याला विचारत नाहीत. जून 2020 मध्ये एखाद्या मुलाने मार्केटिंगच्या पदवीला प्रवेश घेतला असं धरा. त्याच महिन्याच्या 29 तारखेला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यावर उभे असलेले कितीतरी धंदे एका रात्रीत थांबले. तो पहिल्या वर्षात असताना, एप्रिल 2021 मध्ये, अ‍ॅपलने आयफोनवर ग्राहकाचा माग काढण्याआधी त्याची परवानगी घेणं सक्तीचं केलं आणि फेसबुकवरच्या जाहिरातींचं मोजमाप कोलमडलं. तिसऱ्या वर्षात असताना, नोव्हेंबर 2022 मध्ये, चॅटजीपीटी आलं आणि नवख्यांना मिळणारं मजकूर लिहिण्याचं काम यंत्र करू लागलं. 1 जुलै 2023 ला, म्हणजे तो पदवी हातात घेऊन बाहेर पडत असतानाच, गूगलने वेबसाइटच्या मोजमापाची जुनी पद्धत बंद केली आणि सगळ्यांना नवी शिकावी लागली. ब्राउझरमधल्या कुकी बंद होणार, असं गूगल 2020 पासून सांगत होतं. त्यावर भाषणं झाली, धडे लिहिले गेले, आणि जुलै 2024 मध्ये कंपनीने तो विचारच सोडला.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम अभ्यासमंडळात ठरतो, मंजूर होतो, पुस्तक निघतं, शिक्षक ते वाचतात, मग वर्गात येतो. हे सगळं होईपर्यंत साधन बदललेलं असतं. यात विद्यापीठाचा दोष नाही. विद्यापीठाची गती तशीच असायला हवी, कारण टिकाऊ ज्ञान देणं हे त्याचं काम आहे. साधन शिकायला कंपन्यांचेच मोफत वर्ग इंटरनेटवर आहेत आणि ते कोणत्याही पुस्तकापेक्षा ताजे असतात. मग तीन वर्षांची फी कशासाठी भरायची? जे मोफत वर्गात मिळत नाही त्यासाठी. ते काय, हे मला एका उदाहरणाने दाखवायचं आहे.

हिंगणघाटच्या शेजारी समुद्रपूर तालुक्यात वायगाव हळद्या नावाचं गाव आहे. तिथल्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रंगाने गडद, कुरकुमिनने समृद्ध, अशी तिची ओळख. समजा आपल्या महाविद्यालयातल्या मुलीला ही हळद इंटरनेटवरून विकायला सांगितली. पाव किलोचं पाकीट 100 रुपयांना. हळद, दळण, पाकीट, कुरियर सगळं वजा जाता हातात 30 रुपये राहतात असं धरू. जाहिरातीवर एका क्लिकला 5 रुपये पडतात आणि शंभर क्लिकमागे तीन जण पाकीट घेतात, असंही धरू. म्हणजे एक ग्राहक मिळवायला 33 क्लिक, जवळजवळ 167 रुपये. मिळतात 30. प्रत्येक नव्या पाकिटामागे 137 रुपयांचा तोटा. जाहिरातीच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवं दिसतं: इतके क्लिक, इतक्या ऑर्डरी, इतकी वाढ. साधन शिकलेली मुलगी हे आकडे दाखवून मालकाला खूश करील. वाणिज्य शिकलेली मुलगी विचारील, की हा ग्राहक वर्षात किती वेळा परत येतो? सहा वेळा आला तर पैसे वसूल होतात, दोनदा आला तर धंदा बुडतो. मग तिचं लक्ष जाहिरातीवरून पाकिटावर जाईल, आत ठेवलेल्या चिठ्ठीवर जाईल, दुसऱ्या महिन्यात करायच्या फोनवर जाईल, किलोच्या पाकिटावर जाईल. खर्चलेखा नावाचा कंटाळवाणा समजला जाणारा विषय इथे धंदा वाचवतो.

याच मुलीने दोन जाहिराती करून पाहिल्या असं धरा. एकीत शेताचं चित्र, दुसरीत वाटीतल्या हळदीचं. दोन्हींना 200-200 क्लिक आले. पहिलीतून 6 ऑर्डरी, दुसरीतून 10. कोणीही म्हणेल, दुसरी जाहिरात सरस, सगळे पैसे तिच्यावर लावा. संख्याशास्त्राची एक साधी कसोटी लावली तर कळतं, की दोन्ही जाहिराती अगदी सारख्याच असत्या तरी एवढी तफावत दहातून तीन वेळा निव्वळ योगायोगाने दिसली असती. तीन टक्के आणि पाच टक्के यांतला फरक खात्रीने ओळखायचा तर प्रत्येक जाहिरातीला सुमारे दीड हजार क्लिक हवेत. आपल्या हिशेबाने दोन्ही मिळून 15,000 रुपये. छोट्या धंद्याकडे तेवढे नसतील, तर त्याने अशा तुलनांवर निर्णय घेऊच नये. त्यापेक्षा दहा ग्राहकांना फोन करून विचारावं. हे सांगू शकणारा माणूस आणि पडद्यावरची मोठी संख्या वाचून दाखवणारा माणूस यांच्या पगारात आज ना उद्या फरक पडतोच. पण संख्याशास्त्र शिकायला वेळ लागतो, वही-पेन लागतं, चुका तपासणारा शिक्षक लागतो. त्यासाठी विद्यापीठ लागतं.

कायद्याचंही तसंच. 'वायगाव हळद' हे नाव कोणत्याही हळदीच्या पाकिटावर छापता येत नाही. त्यासाठी भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लागतं. हिंगणघाटच्या कापसाला दीडशे वर्षांपूर्वी असं संरक्षण नव्हतं. वायगावच्या हळदीला ते आहे, आणि विकणाऱ्याला त्याची माहितीच नसेल तर तेही कागदावरच राहील. पाकिटावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो. 'या हळदीने कॅन्सर बरा होतो' असं रील कितीही चाललं तरी तो गुन्हा आहे. फसव्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 10 लाखांपर्यंत दंड ठेवला आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत, आणि तो जाहिरातीत दिसणाऱ्यालाही लागू होतो. ग्राहकाचा मोबाइल नंबर घेऊन ठेवायचा तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहीत हवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणं 2025 च्या कायद्याने तुरुंगात नेऊ शकतं. गावातल्या चार-पाच हजार फॉलोअर असलेल्या कितीतरी पोरांना हे कोणी सांगितलेलंच नाही.

आणि कायद्याच्या पलीकडेही काही आहे, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हिंगणघाटात बसून मार्केटिंग करणाऱ्या मुलाकडे पहिलं काम कोण आणील? बहुधा कृषी सेवा केंद्र. बियाणं, खत, टॉनिक, कीटकनाशक. त्याला सांगतील, बोंडअळीवर रामबाण म्हणून रील बनव. सरकारची परवानगी नसलेलं, तणनाशक सहन करणारं बियाणं विदर्भात 'चोर बीटी' म्हणून विकलं जातं, आणि त्याचीही गुपचूप जाहिरात कर म्हणणारे भेटतील. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीस-एक शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणी कशी करावी, कोणतं औषध कशात मिसळू नये, तोंडाला काय बांधावं, हे सांगणारे मराठी व्हिडिओ आणि औषध खपवणारे मराठी व्हिडिओ एकाच मोबाइलवर शेजारी शेजारी दिसतात. त्यांतला कोणता वर येईल, हे ठरवण्याची विद्या आपण मुलांना शिकवणार आहोत. ती निव्वळ कौशल्य म्हणून शिकवून कसं चालेल? ज्याच्या बापाची पऱ्हाटी शेतात उभी आहे त्या मुलाला या प्रश्नाचं गांभीर्य कोणत्याही महानगरातल्या विद्यार्थ्यापेक्षा आधी कळेल. म्हणून हा विषय इथे, त्याच्याशी बोलत, त्याच्या भाषेत शिकवला पाहिजे.

भाषेचं मी मुद्दाम म्हणतो. या क्षेत्रातला सगळा अभ्यासक्रम इंग्रजीत चालतो आणि मुलं अर्धी शक्ती इंग्रजी मजकुराची नक्कल करण्यात घालवतात. पण 2016 मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा गावोगाव पोचला, आणि त्यानंतर इंटरनेटवर आलेला मोठा ग्राहक मराठीत ऐकतो, वऱ्हाडीत बोलतो, मराठीत बोलून शोधतो. त्याच्याशी स्वच्छ, खरं, चार वाक्यांत बोलणारं मराठी लिहिणं अवघड काम आहे. इंग्रजीतून उतरवलेल्या जाहिरातींचं मराठी वाचताना जीभ अडखळते, हे सगळ्यांनीच अनुभवलं आहे. मराठी साहित्य घेऊन बीए करणाऱ्या मुलीला "याचा काय उपयोग" असं विचारलं जातं. तिला या क्षेत्रात जागा आहे, आणि ती जागा यंत्राकडून सहज भरून निघणारी नाही. यंत्र मराठी लिहितं. पण वडनेरच्या शेतकऱ्याला सरकीच्या भावाबद्दल काय विचारायचं असतं, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रमात व्यवहार आणायची ही कल्पना नवी नाही. खरंच नाही, आणि तिचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नयी तालीम आकाराला आली. टकळीवर सूत काढता काढता मुलाने गणित शिकावं, कापसाचा भूगोल शिकावा, व्यापाराचा इतिहास शिकावा, अशी ती कल्पना होती. हस्तोद्योग ज्ञानाच्या मध्यभागी होता. पुढे देशभर शाळांत ती पसरली तेव्हा उलट झालं. टकळीचा एक वेगळा तास झाला, गणिताचा वेगळा राहिला, आणि दोघांची भेट झालीच नाही. पालकांना वाटू लागलं की आपल्या मुलांना हातकाम देऊन साहेबांच्या मुलांना इंग्रजी शिकवत आहेत. त्यांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता.

आज राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांमध्येही 2024-25 पासून नवी रचना आली आहे. मुख्य विषयाबरोबर व्यावसायिक कौशल्याचे अभ्यासक्रम, कौशल्यवाढीचे अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, यांना श्रेयांक आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना, म्हणजे हिंगणघाटच्या महाविद्यालयांनाही, ही दारं उघडी आहेत. मी ज्या जोड-अभ्यासाची बाजू मांडतो आहे त्याला लागणारी चौकट तयार आहे. माझी भीती एवढीच, की नयी तालमीचं झालं तेच पुन्हा होईल. दोन श्रेयांकांचा डिजिटल मार्केटिंगचा पेपर, त्यात व्याख्या पाठ, 'सोशल मीडियाचे फायदे लिहा' असा दहा गुणांचा प्रश्न, आणि शेजारच्या वर्गात संख्याशास्त्र कोरडंच. पेपर आल्याने काही होत नाही. हळदीच्या जाहिरातीचे आकडे संख्याशास्त्राच्या तासाला फळ्यावर आले पाहिजेत, तिचा तोटा खर्चलेख्याच्या तासाला, तिचं वाक्य मराठीच्या तासाला. त्यासाठी चार विभागांच्या प्राध्यापकांना आठवड्यातून एकदा एकत्र बसावं लागेल. हे वेळापत्रकात बसवणं कठीण आहे, पण अशक्य नाही.

शिकवणार कोण, हा खरा अडसर. ज्याने कधी स्वतःच्या पैशाने जाहिरात चालवली नाही त्याने हा विषय शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट खुली केली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस पीएचडी नसतानाही शिकवू शकतो. आपण हे ऐकलं की पुण्या-मुंबईच्या एजन्सीतला तज्ज्ञ डोळ्यांपुढे आणतो. तो जरूर बोलवावा, ऑनलाइन बोलवावा. पण हिंगणघाटात तीस वर्षं जिनिंग चालवणाऱ्या माणसाला का बोलवू नये? पाच क्विंटल कापसातून 170 किलोची एक गाठ कशी निघते, ओलावा किती चालतो, धाग्याची लांबी यंत्रावर कशी मोजतात, गिरणीचा खरेदीदार फोनवर काय विचारतो, हे तो सांगेल. बाजार समितीतला अडत्या उधारी आणि विश्वास यांवर दोन तास बोलू शकेल. मार्केटिंगच्या पुस्तकातल्या निम्म्या प्रकरणांचा मजकूर त्यांच्याजवळ आहे.

आणि कापसाच्या क्षेत्रात आता प्रत्यक्ष काम उभं राहत आहे. 7 ऑक्टोबर 2020 ला, जागतिक कापूस दिनी, केंद्र सरकारने भारतीय कापसासाठी 'कस्तुरी' हे नाव जाहीर केलं. त्यात गाठीचा दर्जा तपासला जातो, तिला क्यूआर कोड लागतो, आणि ती कोणत्या जिनमधून निघाली हे पुढच्या खरेदीदाराला ब्लॉकचेनवरून पाहता येतं. नाव आणि माल यांचा जो संबंध 19व्या शतकात इथे तुटला, तोच आता यंत्राने बांधून ठेवायचा हा प्रयत्न आहे. किमान आधारभूत किमतीच्या खरेदीसाठी भारतीय कापूस महामंडळाने 2025 मध्ये 'कपास किसान' ॲपवर शेतकऱ्यांची नोंदणी सुरू केली. या कामांना माणसं लागतील. गाठीचा कोड समजणारी, निर्यातदाराशी इंग्रजीत आणि शेतकऱ्याशी वऱ्हाडीत बोलणारी, आकडे वाचणारी. फक्त इन्स्टाग्रामचं तंत्र जाणणारा मुलगा तिथे उपयोगाचा नाही, आणि फक्त कापूस जाणणारा जुना मुनीमही पुरेसा नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप गरिबीचा आहे आणि तो मी बाजूला सारू शकत नाही. कोरडवाहू चार एकरांवर जगणाऱ्या घरातल्या मुलाला बावीसाव्या वर्षी पगार हवा असतो. संख्याशास्त्र आणि खर्चलेखा यांचं फळ उशिरा मिळतं. एजन्सीतली पहिली नोकरी साधन येतं का एवढंच विचारते. त्याला माझं सांगणं असं: साधन शिकच. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मोफत वर्गातून शीक, प्रमाणपत्र घे, गावातल्या एका दुकानाचं काम हातात घे आणि सहा महिन्यांचे खरे आकडे वहीत लिहून ठेव. नागपूरच्या मुलाखतीत ही वही पदवीपेक्षा जास्त बोलेल. पण बापाचे दोन-तीन लाख रुपये त्या साधनाच्या नावाच्या पदवीत घालू नकोस. बीकॉमची फी त्याच्या तुलनेत थोडी आहे, घरचं जेवण आहे, आणि उद्या हे क्षेत्र उलटंपालटं झालं तर लेखापालाचं काम, बँकेची परीक्षा, करसल्लागाराकडची उमेदवारी, हे सगळे रस्ते खुले राहतात. फक्त डिजिटल मार्केटिंगची पदवी घेतलेल्या मुलाचा रस्ता एकच असतो, आणि त्या रस्त्यावरचे फलक दूरच्या कंपन्या बदलत असतात.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्यासाठी या विषयाचं मोल मुलांहून जास्त आहे. नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे, आणि लग्नानंतर रोज तिथे नोकरीला जाणं किती जणींना जमतं ते आपल्याला ठाऊक आहे. घरून करता येण्याजोगं, हातात पैसा देणारं, डोकं वापरायला लावणारं काम या गावात फार थोडं आहे. डिजिटल मार्केटिंग हे तसं काम आहे. आपल्याकडच्या बचतगटांच्या बायका पापड, लोणची, मसाले करतात. त्या प्रदर्शनात दोन दिवस विकतात आणि उरलेलं वर्ष ओळखीपाळखीत खपवतात. तृतीय वर्षाच्या तीन मुलींनी एका बचतगटाचं वर्षभराचं काम घेतलं, त्याचा हिशेब ठेवला आणि तोच त्यांचा प्रकल्प म्हणून विद्यापीठाने मानला, तर परीक्षा घ्यायला वेगळा पेपर लागणार नाही. गटाची वर्षाची विक्री, परत आलेल्या ग्राहकांची संख्या आणि जाहिरातीवर गेलेला पैसा, हे तीन आकडे परीक्षकासमोर ठेवायचे आणि ते असे का आले ते मराठीत समजावून सांगायचं. तोटा झाला असेल तर तोट्याचं कारण नीट सांगणाऱ्या मुलीला पूर्ण गुण द्यावेत. प्रत्येक गटामागे जाहिरातीसाठी पाच हजार रुपये महाविद्यालयाने द्यावेत. दहा गटांचे पन्नास हजार होतात. संगणक प्रयोगशाळेच्या एका वर्षाच्या देखभालीत ते बसू शकतात. नसतील बसत, तर गावातल्या जिनिंगवाल्यांकडे आणि व्यापाऱ्यांकडे मागायला प्राचार्यांनी संकोच करू नये.